चहाची ड्यूटी आणि भोंग्याची ड्यूटी

मुलगी लग्न होऊन परदेशी गेली की आईच्या काळजीला रोज नवा विषय मिळतो. थंडी झाली, एकटेपण झाले, नोकरी झाली. आणि आता हा होडीचा क्लब! "अहो, आमची मुलगी तिकडे इंग्लंडात कुठल्याशा होडीच्या क्लबात जाते. वर्षाची वर्गणी भरते, आणि वर सुटीच्या दिवशी तिथे जाऊन कपबश्या विसळते, गवत कापते. पैसे मोजून वर कामंही करायची, ही कुठली हौस?" ही तक्रार मी हल्ली एकदा नव्हे, तीनदा ऐकली. तिघींच्याही मुली निरनिराळ्या गावी. पण गाऱ्हाणे तेच.

मागे दोन महिने माझ्या भाचीकडे राहून आले, तेव्हा तिच्या गावचा असा एक क्लब मी जवळून पाहिला. म्हणून म्हटले, या आठवड्यात लोणची-पापड बाजूला ठेवावेत आणि याच विषयावर बोलावे. तुमच्यापैकी कित्येकींच्या लेकी-सुना तिकडे आहेत. काहीजणी स्वतःही तिकडून हे पान वाचतात. आणि ज्यांचा होडीशी काडीचा संबंध नाही, त्यांच्याही उपयोगाचे यात थोडेफार आहे.

आधी क्लब म्हणजे काय ते सांगते. आपल्याला क्लब म्हटला की गणवेशातले वाढपी, गालिचे आणि बड्या लोकांच्या गाड्या आठवतात. हा तसला नव्हे. इंग्लंडच्या मधल्या भागात समुद्र लांब, पण शहरांना पाणी पुरवणारे मोठे मोठे तलाव आहेत. रटलंड, ग्राफम ही त्यांतली नावाजलेली नावे. अशा तलावांवर शिडाच्या लहान होड्या चालवणाऱ्यांचे क्लब असतात. होडी एका किंवा दोन माणसांची, इंजिन नाही, वारा असेल तर चालायचे. काठावर एक साधी इमारत, कपडे बदलायच्या खोल्या, एक स्वयंपाकघर, होड्या ठेवायला कुंपणातले मैदान आणि पाण्याकडे तोंड करून एक छोटीशी खोली. तिथून शर्यती सोडतात. झाला क्लब!

या क्लबाला मालक नाही आणि बहुतेक ठिकाणी पगारी नोकरही नाही. मालक तेच सभासद आणि नोकर तेच सभासद. अध्यक्षाला तिकडे 'कमोडोर' म्हणतात. नाव भारदस्त, पण पगार शून्य. आमच्या भाचीच्या क्लबाचे कमोडोर मी पाहिले, तेव्हा ते रबरी हातमोजे घालून तुंबलेली मोरी साफ करीत होते. सेक्रेटरी, खजिनदार, होड्यांची देखभाल करणारा, मुलांना शिकवणारा, सगळे बिनपगारी. वर्गणी सामान्य माणसाला परवडते ती एवढ्याचसाठी. माणसे पगारावर ठेवली, की त्यांचा पगार वर्गणीत मिसळलाच म्हणून समजा. मग शिक्षिका, परिचारिका, बस-ड्रायव्हर यांनी तिथे पाऊल ठेवायला नको.

साध्या घरातली माणसे या खेळात आली त्यालाही एक इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जॅक होल्ट नावाच्या होडी-रचनाकाराने प्लायवूडच्या, घरी बांधता येतील अशा स्वस्त होड्या काढल्या. १९६३ साली 'डेली मिरर' या वर्तमानपत्राच्या पुढाकाराने 'मिरर' नावाची होडी आली. ती होल्ट आणि घरगुती दुरुस्त्यांचा दूरदर्शन-कार्यक्रम करणारे बॅरी बकनेल यांनी मिळून तयार केली होती. लांबी सव्वातीन मीटरच्या आसपास, शिडे लाल. किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. प्लायवूडच्या कापलेल्या फळ्यांचा संच घरी यायचा. त्या तांब्याच्या तारेने टाके घालून जोडायच्या आणि सांध्यावर रेझिनची पट्टी चिकटवायची. टाके घालून होडी! शिवणकाम येणाऱ्या बाईला यात अशक्य असे काय आहे, सांगा बरं? अशा सत्तर हजारांवर होड्या पुढे बांधल्या गेल्या. ज्यांनी होडी स्वतःच्या गॅरेजात टाचली, त्यांना क्लबाच्या भिंतीला रंग लावायला दुसरा माणूस कशाला हवा होता? 'आपले काम आपण करायचे' ही त्या क्लबांची रीत तिथूनच पक्की झाली.

तेव्हा आईच्या तक्रारीला पहिले उत्तर असे, की मुलगी पैसे देऊन वर फुकट राबत नाही. वर्गणीचा अर्धा भाग ती पैशांत देते आणि अर्धा कामात. गणेशोत्सवात वर्गणीही दिली आणि मांडवाचे बांबूही धरले, म्हणून आपण कोणाची कीव करतो का?

पण तक्रारीत एक शब्द असा आहे, की तो मला खटकला. 'कपबश्या.' मुलगी क्लबात काम करते हे ठीकच. पण दर खेपेला कपबश्याच का? आज खरे बोलायचे आहे ते याविषयी.

त्याचे असे असते. हंगाम सुरू होण्याआधी क्लबात ड्यूटीचा तक्ता तयार होतो. प्रत्येक सभासदाच्या वाट्याला वर्षात काही दिवस येतात. कामे साधारण चार प्रकारची. पहिले शर्यतीच्या खोलीतले: भोंगा, निशाणे, घड्याळ आणि नोंदवही. दुसरे सेफ्टी बोटीचे, म्हणजे इंजिनाच्या होडीतून फिरून उलटलेल्यांना मदत करायची. तिसरे स्वयंपाकघराचे. आणि चौथे हिवाळ्यातल्या श्रमदानाचे: धक्का दुरुस्त करणे, झुडपे छाटणे, बोयांना रंग देणे, नांगराचे साखळदंड तपासणे.

भाचीने आणि तिच्या नवऱ्याने एकाच दिवशी नावे घातली. दोघेही नवे, दोघांनाही शिडाची होडी ठाऊक नाही. तक्ता आला, तर नवऱ्याचे नाव शर्यतीच्या खोलीत आणि सेफ्टी बोटीवर, भाचीचे तिन्ही खेपेला स्वयंपाकघरात. तिने विचारले तेव्हा तक्ता करणारे गृहस्थ अगदी मायेने म्हणाले, "बाहेर वारा फार झोंबतो. आत उबेत बरं तुम्हाला." वाईट हेतू मुळीच नव्हता. मैत्रिणींनो, आपल्याला आत ठेवणारी माणसे बहुतेक वेळा प्रेमळच असतात, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे, नाही का?

आता यात बिघडले काय? बिघडले असे, की दुसऱ्या वर्षी तिच्या नवऱ्याला वारा कुठून येतो, होडी कशी वळते, शर्यत कशी सुटते हे सगळे आपोआप कळू लागले होते आणि भाचीला फक्त डबे कुठल्या फळीवर आहेत ते. ती भित्री होती म्हणून मागे राहिली असे नव्हे. ड्यूटी हीच त्या क्लबाची शाळा असते, आणि तिला वेगळ्या वर्गात बसवले होते. कागदावर दोघांचे सभासदत्व सारखे, कामाचे तासही सारखे. पण एकाच्या तासांतून विद्या मिळाली आणि दुसरीच्या तासांतून चहा.

ती चिडली नाही, रुसलीही नाही. तक्ता करणाऱ्यांना तिने दोन ओळी लिहिल्या: "पुढच्या वर्षी माझी एक ड्यूटी स्वयंपाकघरात, एक शर्यतीच्या खोलीत आणि एक सेफ्टी बोटीवर लावावी. माझ्या यजमानांचीही तशीच लावावी." बस्स. तसे झाले. नवऱ्याच्या चहाच्या पहिल्या खेपेला घरी तीनदा फोन आला, पंचवीस जणांना दूध किती लागतं म्हणून. पण लोकांना चहा मिळाला हो!

तुमच्या लेकीला किंवा तुम्हाला स्वतःला अशा क्लबात ड्यूटी मागायची झाली, तर कुठली मागावी? माझे मत विचाराल तर पहिली शर्यतीच्या खोलीतली. पोहता येत नसले तरी चालते, ओले व्हावे लागत नाही आणि सगळा खेळ डोळ्यांसमोर उलगडतो. काम काय असते ते सांगते, म्हणजे बिचकायला होणार नाही.

शर्यत सुटायला पाच मिनिटे असताना त्या होड्यांच्या जातीचे निशाण वर चढवायचे आणि भोंगा द्यायचा. चार मिनिटे राहिली की दुसरे निशाण चढवायचे. ते निळे असते आणि मध्ये पांढरा चौकोन. पुन्हा भोंगा. एक मिनिट राहिले की निळे निशाण खाली, एक लांब भोंगा. आणि शून्याला पहिले निशाण खाली, भोंगा, सुटली शर्यत! पाच, चार, एक, शून्य. एवढे पाठ केले की झाले. एक गोष्ट ध्यानात ठेवायची: वेळ निशाणावरून धरतात, भोंग्यावरून नाही. भोंगा ऐन वेळी अडकला तर घाबरून निशाण खोळंबवायचे नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता दूध, पोळी आणि शाळेची बस या तिन्ही वेळा सांभाळणाऱ्या बाईला हे जड जाईल असे मला वाटत नाही.

सुरुवातीची रेषा पाण्यावर काढलेली नसते. काठावरचा खांब आणि पाण्यातला बोया यांच्यामध्ये ती मनाने धरायची. भोंग्याआधीच कोणी रेषा ओलांडली, तर पांढऱ्यावर निळी फुली असलेले निशाण चढवून आणखी एक भोंगा द्यायचा. मग त्या होडीने मागे येऊन पुन्हा सुरुवात करायची. ती होडी कमोडोरांची असली तरीही! माझ्या भाचीने पहिल्याच महिन्यात कमोडोरांना असे परत बोलावले. घरी आल्यावर तिचा चेहरा पाहण्यासारखा होता.

शर्यत संपताना प्रत्येक होडीच्या शिडावरचा आकडा आणि वेळ लिहायची, तास-मिनिट-सेकंदांसकट. मग हिशेब. कारण सगळ्या होड्या सारख्या नसतात. काही मुळातच चपळ, काही संथ. म्हणून प्रत्येक जातीला एक आकडा ठरवून दिलेला असतो. त्या पद्धतीचे नाव पोर्ट्समथ यार्डस्टिक. ही यादी 'रॉयल यॉटिंग असोसिएशन' ही तिथली राष्ट्रीय संस्था प्रसिद्ध करते. ही संस्था १८७५ सालची आहे. संथ होडीचा आकडा मोठा, चपळ होडीचा लहान. लागलेल्या वेळेला हजाराने गुणायचे आणि त्या आकड्याने भागायचे. समजा, संथ होडीचा आकडा १३९० आहे आणि तिला ६९ मिनिटे ३० सेकंद लागले. हिशेबाने होतात ५० मिनिटे. चपळ होडीचा आकडा ११०० आणि तिला लागली ५६ मिनिटे ६ सेकंद. हिशेबाने ५१ मिनिटे. म्हणजे तेरा-चौदा मिनिटे मागून आलेली जुनी होडी जिंकली! आपल्या घरात धाकट्याला दोन पावले पुढे उभे करून धावण्याची शर्यत लावतो, तोच न्याय. हल्ली हा हिशेब संगणक करतो, पण वेळ चुकीची लिहिली तर संगणक काय करणार? महिन्याचा जमाखर्च ज्या हाताने लिहिला जातो, त्या हाताला हे काम शोभते.

दुसरी ड्यूटी सेफ्टी बोटीची. हिचे नाव ऐकूनच पोटात गोळा येतो. पण त्या बोटीत दोन माणसे असतात. चालवणाऱ्याला आधी शिक्षण लागते. राष्ट्रीय संस्थेचा साधारण दोन दिवसांचा अभ्यासक्रम असतो. दुसऱ्या माणसाने डोळे उघडे ठेवायचे, दोर धरायचा आणि बुडत्याला हात द्यायचा. पहिल्या वर्षी हे दुसरे माणूस व्हावे. मग जमते आहे असे वाटले, तर अभ्यासक्रम करून चालवायला शिकावे.

इथले नियम मात्र स्वयंपाकघरातल्या गॅसच्या नियमांइतके कडक पाळायचे. होडी उलटली की आधी माणसे मोजायची, मग होडीकडे पाहायचे. दोघे होते आणि एकच डोके दिसते, तर दुसरे शिडाखाली अडकले असू शकते. पाण्यातल्या माणसाच्या अगदी जवळ गेल्यावर इंजिन बंद करायचे, कारण खाली पंखा फिरत असतो. आणि सगळ्यांत महत्त्वाची ती लाल दोरी. तिचे एक टोक इंजिनाच्या कळीला आणि दुसरे चालवणाऱ्याच्या मांडीभोवती. माणूस बोटीतून पडला की दोरी ओढली जाते आणि इंजिन तत्काळ बंद पडते. ५ मे २०१३ रोजी कॉर्नवॉलमध्ये पॅडस्टो गावाजवळ एका कुटुंबाची वेगवान बोट फिरायला निघाली होती. सगळेजण बोटीतून फेकले गेले. दोरी बांधलेली नव्हती, म्हणून रिकामी बोट गरगर फिरत त्यांच्या अंगावरून गेली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी दगावली, बाकीचे जखमी झाले. हे मी घाबरवायला सांगत नाही. ड्यूटीवर तुम्ही दुसरे माणूस असाल, तर चालवणारा कितीही अनुभवी असो, "दोरी बांधलीत का?" हा प्रश्न तोंडावर विचारायचा हक्क तुम्हाला आहे, हे कळावे म्हणून सांगते. संकोच नको. नवऱ्याला स्कूटरवर हेल्मेट घालायला लावताना संकोच करतो का आपण?

आणखी एक. तिकडचे पाणी मे-जूनमध्येसुद्धा चांगलेच गार असते. गार पाण्यात पडल्याबरोबर धाप लागते आणि माणूस हातपाय झाडू लागते. तेच करायचे नाही. पाठीवर तरंगत राहायचे, धाप थोड्या वेळाने आपोआप ओसरते, मग ओरडायचे किंवा होडीला धरायचे. लाइफ जॅकेट सैल नको. पोलक्याच्या मापाची जेवढी खटपट करतो तेवढी त्याच्या मापाची करावी. खांद्याला धरून कोणी वर ओढले तर ते कानाशी येता कामा नये.

आता कोणी म्हणेल, तुम्ही स्वयंपाकघराला नावे ठेवता. छे, छे! भिजून, दात वाजत काठावर आलेल्या माणसाच्या हातात गरम पेला देणारी बाई त्या क्षणी परमेश्वरच असते. क्लबाच्या तिजोरीत चहा-केकचे पैसेही पडतात. आणि ते कामही आता 'चार कप उकळले' असे राहिलेले नाही. शेंगदाणे, तीळ, दूध, अंडी, गहू अशा अंगावर उठू शकणाऱ्या १४ पदार्थांपैकी आपल्या खाण्यात काय आहे हे गिऱ्हाइकाला सांगणे तिकडे कायद्याने बंधनकारक आहे. आमच्या भाचीने एकदा शेंगदाण्याची चटणी लावून सँडविच केले, तेव्हा आधी पाटी लावली आणि मगच ताट बाहेर आणले. तेव्हा कामाला कमीपणा नाही. माझे म्हणणे एवढेच, की ते पाळीपाळीने सर्वांकडे यावे. पुरुषांकडेही.

यावर एक खरी हकीकत सांगते. १९८५-८६ साली 'व्हिटब्रेड' नावाची जगप्रदक्षिणेची शर्यत झाली. तीत ट्रेसी एडवर्ड्स ही इंग्रज मुलगी एका शिडाच्या नौकेवर गेली होती, स्वयंपाकीण म्हणून. नुसते शिजवून वाढत ती बसली नाही. पुढच्या, म्हणजे १९८९-९० च्या शर्यतीत ती स्वतः कप्तान म्हणून उतरली. नौका जुनी, दुसऱ्याच्या हातची, नाव ठेवले 'मेडन'. तिची डागडुजी, घासणे, रंगवणे त्या मुलींनी स्वतः केले. सगळ्या खलाशी स्त्रियाच. जाणत्यांनी पैजा लावल्या की या पहिला टप्पाही पुरा करणार नाहीत. त्यांनी आपल्या गटात दोन टप्पे जिंकले आणि एकंदरीत दुसरा क्रमांक मिळवला. आपल्या नौदलाच्या सहा स्त्री-अधिकाऱ्यांनीही १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून 'तारिणी' हाकारली आणि जगाला वळसा घालून २१ मे २०१८ रोजी गोव्याला आणली. ती 'तारिणी' गोव्यातच बांधलेली, बरं का. सर्वांनी काही पृथ्वीप्रदक्षिणा करायची नाही. पण स्वयंपाकघरातून सुकाणूपर्यंतची वाट आहे आणि ती चालून गेलेल्या बायका आहेत, हे ठाऊक असावे.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. वहीत टिपून ठेवा, नाहीतर हे पानच कापून लेकीला पाठवा.

नाव घालतानाच आपले नाव वेगळे, पूर्ण घालावे. 'अमुक आणि सौ.' असे एकत्र नको. कुटुंबाचे मिळून सभासदत्व स्वस्त पडते हे खरे, पण वार्षिक सभेत त्या कुटुंबाला मत एक की दोन, हे नियमावलीत वाचून घ्यावे. क्लबाला मालक नाही म्हटल्यावर मत हीच मालकी. कामाचे तास दोघांचे आणि मत एकाचे, असे असेल तर सभेत प्रश्न विचारावा.

लहान मुले असतील तर दोघांची ड्यूटी एकाच दिवशी घेऊ नये. एकाची ड्यूटी, दुसऱ्याकडे मुले. पुढच्या वेळी उलट. तक्ता करणाऱ्याला हे आधी सांगितले तर तो आनंदाने करतो. दिवस अडचणीचा आला तर आपणच दुसऱ्याशी अदलाबदल करावी आणि ती तक्त्यात लिहावी. नुसते न जाणे फार वाईट. सेफ्टी बोट पाण्यात नसेल तर त्या दिवशी शर्यत होत नाही. तुमच्या एकीच्या गैरहजेरीने तीस-चाळीस माणसांचा रविवार फुकट जातो.

पहिल्या ड्यूटीला "मी नवी आहे, मला जाणत्या माणसाबरोबर बसवा" असे सरळ सांगावे. त्यात लाज कसली? न विचारता बसून राहिलेल्या माणसालाच पुढे जड जाते. तीन गाठी घरी शिकून जाव्यात: टोकाची आठाची गाठ, ओढली तरी न आवळणारा फास आणि खांबाला दोर बांधायची गाठ. पायजम्याच्या नाडीवर सराव करता येतो, मी करून पाहिला आहे.

कुणी प्रेमाने "तुम्ही आतच बसा" म्हणाले, तर तितक्याच प्रेमाने "आज नको, गेल्या वेळी बसले होते" म्हणावे. भांडण नको, व्याख्यान नको. दोन ओळी लिहून द्याव्यात. लिहिलेले राहते, बोललेले वाऱ्यावर जाते, आणि तिथे वारा फार.

आपल्या इकडे शिडाच्या होड्यांचे क्लब मोजकेच. मुंबईचा 'रॉयल बॉम्बे यॉट क्लब' तर १८४६ सालचा. आपल्यापैकी बहुतेकींचा तिथे जाण्याचा योग नाही. पण बिनपगारी कामाचा तक्ता कुठे नसतो? सोसायटीचा वर्धापनदिन असो, शाळेचे स्नेहसंमेलन असो, गणपती असो. पावती-पुस्तक, ध्वनिक्षेपक आणि हिशेबतपासणी पुरुषांकडे. अल्पोपाहार महिला मंडळाकडे. हा तक्ता कोणी दुष्टपणाने केलेला नसतो. गेल्या वर्षीच्या तक्त्यावरून यंदाचा उतरवून काढलेला असतो, इतकेच. तेव्हा तो उतरवला जाण्याआधी आपले नाव दुसऱ्या रकान्यात सांगायचे. एकदा खजिनदाराच्या शेजारी बसून वर्षभर हिशेब लिहिलात, की मंडळाचे पैसे कुठे जातात ते कळते. नुसते उपमा करून ते कधीच कळत नाही.

आणि उन्हाळ्यात लेकीकडे चार-दोन महिन्यांसाठी जाणाऱ्या मैत्रिणींना एक खास सूचना. तिची शर्यतीच्या खोलीत ड्यूटी असेल त्या रविवारी घरी नातवंडांची वाट पाहत बसू नका, तिच्याबरोबर जा. वेळा लिहायला तिथे माणूस नेहमी कमीच असते आणि मराठी शाळेत शिकलेल्या बाईचे आकडे सगळ्यांना वाचता येतात. मी स्वतः तीन रविवार लिहिले. जाताना कानटोपी घ्या, थर्मासमध्ये आल्याचा चहा घ्या आणि दोन शिसपेन्सिली टोक करून घ्या. ओल्या कागदावर पेन उमटत नाही, पेन्सिल उमटते.